टोटल लॉसमधून दुरुस्त होऊन आलेली मोटारसायकल एका बाजूला ओढते: दोष परत परत का येतो आणि तो कसा शोधावा

विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशी, ठरवलेली आणि नंतर कोणीतरी दुरुस्त करून विकलेली मोटारसायकल घेणाऱ्यांची एक तक्रार इतक्या ठरावीक रूपात पुढे येते की तिचा स्वतंत्रपणे विचार करणे योग्य ठरेल. गाडी दिसायला निर्दोष असते, इंजिन सुरळीत चालते, ब्रेकही व्यवस्थित लागतात. मात्र सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड जराशी सैल केली की गाडी नेहमी एकाच बाजूला सरकू लागते. मालक पुढचा टायर बदलतो आणि काही काळ सुधारणा जाणवते, पण टायर थोडा झिजला की तक्रार परत येते. मग कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) बदलला जातो, चाकांची बेअरिंग बदलली जातात, कधी फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या शॉकच्या दोन पाइपांचे) तेल आणि सीलही नवे होतात, आणि प्रत्येक वेळी काही आठवड्यांनी गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

असा दोष परत येण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: काहीही न मोजता भाग बदलले जातात. अपघातात वाकलेला किंवा फिरलेला सांगाडा तसाच राहतो आणि त्याच्यावर बसवलेला प्रत्येक नवा भाग त्याच्यामुळे वाकडा चालतो. चाके एका रेषेत नसतील तर टायर एका अंगाने अधिक झिजतो आणि झिजल्यावर स्वतःच गाडीला त्या बाजूला नेऊ लागतो. नवा टायर गोल असल्यामुळे हा परिणाम तात्पुरता झाकला जातो, एवढेच. कोनसेटचेही तसेच आहे. समोरून बसलेल्या जोरदार धक्क्याने हेडस्टॉकमधील (सांगाड्याच्या पुढच्या टोकाच्या, हँडल जिच्यात फिरते त्या नळीतील) बेअरिंगची बैठक लंबगोल झाली असेल, तर नवा कोनसेट त्यात सरळ बसत नाही, त्याच्या रिंगवर ठरावीक जागी दाब येतो आणि थोड्याच दिवसांत मधोमध खाच पडते. चेन आणि स्प्रॉकेटच्या बाबतीत हाच प्रकार दातांच्या एकाच बाजूला आलेल्या चकाकीतून दिसतो. म्हणून या तक्रारीत कोणता भाग खराब झाला आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूने आणि कशामुळे खराब झाला, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. काढलेला जुना टायर किंवा कोनसेट फेकून देण्यापूर्वी नीट पाहावा, कारण बऱ्याचदा अर्धे निदान त्यावरच होते.

टोटल लॉस हा शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही

टोटल लॉस हा निर्णय तांत्रिक कमी आणि आर्थिक अधिक असतो. भारतात दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या विमाघोषित मूल्याच्या (पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, आयडीव्हीच्या) 75 टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर गाडी टोटल लॉस धरण्याचा प्रघात आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2017 पासून अशा वाहनांचे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग केले जातात. त्यांपैकी ए आणि बी वर्गांतील वाहने पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत, एस म्हणजे मूळ सांगाड्याला इजा झालेली आणि एन म्हणजे सांगाड्याला इजा न झालेली. मात्र एन वर्गातील गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन शाबूत असते असा अर्थ कोणी काढू नये. हे भाग सांगाड्यात मोडत नसले तरी सुरक्षिततेशी त्यांचा थेट संबंध असतो.

फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे आवरण) असलेली गाडी उभ्या जागी आडवी पडून थोडी घसरली तरी प्लास्टिक, टाकी, हेडलाइट, सायलेन्सर, इंजिनचे कव्हर आणि आरसे यांची बेरीज सहज मर्यादेपलीकडे जाते. अशा गाडीची चेसिस, म्हणजे सांगाडा, पूर्णपणे सरळ असू शकते आणि जाणकाराने घेतल्यास ती उत्तम खरेदी ठरते. चोरीला जाऊन भरपाई दिल्यानंतर सापडलेल्या गाडीचेही तसेच. तिला बहुधा इग्निशन, कुलूप आणि वायरिंग यांपलीकडे काही झालेले नसते. उलट पुढचे चाक कशावर तरी सरळ आदळलेली साधी, फेअरिंग नसलेली गाडी कमी खर्चात चकाचक दिसू शकते, पण तिचा हेडस्टॉक मागे गेलेला असतो. पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे दुखणे निराळे आहे. त्या ओढत नाहीत, त्यांचे कनेक्टर महिनोन्‌महिने गंजत राहतात, आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

त्यामुळे ओढणाऱ्या गाडीच्या मालकाने सर्वप्रथम मिळवायची गोष्ट म्हणजे अपघातानंतरची, दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आणि शक्य असल्यास सर्व्हेअरच्या (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत. टक्कर समोरून झाली, मागून झाली की गाडी केवळ घसरली, एवढे कळले तरी पुढील तपासाची दिशा ठरते. ज्या विक्रेत्याने स्वतः गाडी दुरुस्त केली आणि तरीही त्याच्याजवळ एकही छायाचित्र नाही, त्याच्याविषयी मी तरी चांगले मत करून घेणार नाही.

तक्रार नेमकी केव्हा जाणवते

गाडी ओढते, एवढ्या वर्णनावर काम सुरू करू नये. रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी मध्यभागापासून कडेकडे उतार दिलेला असतो आणि त्या उतारावर निर्दोष गाडीही खालच्या अंगाला सरकते. म्हणून त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी, आणि शक्य असल्यास रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा उतार अनुभवता येईल अशा रीतीने, गाडी चालवून पाहावी. उतार बदलला की ओढण्याची बाजू बदलत असेल तर दोष गाडीचा नाही. दोन्ही दिशांना ती एकाच बाजूला जात असेल तरच पुढे जावे. ही चाचणी रिकाम्या, सपाट जागी, मध्यम वेगाने आणि दोन्ही हात हँडलवर हलके टेकवून करावी. हात पूर्णपणे सोडून पाहण्याचा मोह होतो, परंतु पुढचा भाग बिघडलेल्या गाडीत नेमक्या त्याच क्षणी हँडल जोरात थरथरू लागण्याचा धोका असतो, आणि हात सोडून जे कळते ते गाडी स्टँडवर उभी करून मोजमापाने अधिक खात्रीने कळते.

त्यानंतर ओढ कोणत्या स्थितीत वाढते हे नोंदवावे. केवळ पुढचा ब्रेक दाबताना गाडी बाजूला जात असेल तर फोर्क, कॅलिपर आणि डिस्क यांच्याकडे पाहावे. दोन डिस्क असलेल्या गाडीत एका बाजूचा पिस्टन अडकला असण्याचीही शक्यता असते. केवळ ॲक्सिलरेटर वाढवताना ओढ जाणवत असेल तर स्विंगआर्मची (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भुजेची) बेअरिंग किंवा बुश, मागचा ॲक्सल आणि चेनची रेषा संशयास्पद ठरतात. क्लच दाबून गाडी नुसती वाहत असतानाही ती तितकीच ओढत असेल, तर प्रश्न चाकांच्या रेषेचा किंवा सांगाड्याचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. थरथर आणि डोलणे यांतही फरक करावा. हँडल सेकंदाला सात-आठ वेळा डावी-उजवीकडे हलत असेल तर मूळ बहुधा पुढच्या भागात असते. संपूर्ण गाडी सेकंदाला दोन-तीन झोके घेत असेल तर मागच्या चाकाकडे आणि स्विंगआर्मकडे आधी पाहावे. एका बाजूला लावलेली जड पेटी, एका कुशीवर बसण्याची सवय आणि कमी हवेचा टायर ही कारणे क्षुल्लक वाटली तरी तीच आधी वगळावीत, कारण त्यासाठी काही खर्च येत नाही.

मोजमाप मागून पुढे का करावे

पुढचे चाक वाकडे दिसले की सर्वांचे लक्ष फोर्ककडे जाते. परंतु गाडीची दिशा मागचे चाक ठरवते आणि पुढचे चाक त्याला जुळवून घेते. मागचे चाक किंचित तिरपे असेल तर चालक नकळत हँडल दुसऱ्या बाजूला धरून ते भरून काढतो आणि मग हँडल वाकडे आहे असे समजतो. म्हणून मागून सुरुवात करावी.

चेन ताणण्याच्या जागी स्विंगआर्मवर कोरलेल्या खुणांवर विसंबू नये. नव्या गाडीतही त्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या असतीलच असे नाही, आणि अपघातातून गेलेल्या गाडीत तर एक ॲडजस्टर दुसऱ्या गाडीतून आलेला असू शकतो. त्याऐवजी स्विंगआर्म ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे आणि ते सारखे करून घ्यावे. यानंतर चेन मागच्या स्प्रॉकेटवर मधोमध बसते का आणि मागून पाहिल्यास ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत सरळ जाते का, हे तपासावे.

आता दोरी लावावी. गाडी सरळ उभी करून, मागच्या टायरच्या मागे, जमिनीपासून जितक्या उंचीवर अडथळ्याविना जमेल तितक्या उंचीवर एक बारीक, न ताणणारी दोरी बांधावी आणि तिची दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापलीकडे नेऊन दोन जड वस्तूंना अडकवावीत. मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या, दोन्ही कडांना दोरी केवळ स्पर्श करेल, तिथे वळणार नाही, अशा रीतीने तिची टोके आत-बाहेर सरकवावीत. मग पुढचे चाक असे सरळ करावे की त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचे अंतर त्या-त्या बाजूला एकसारखे येईल. मागचा टायर 180 मिमी आणि पुढचा 120 मिमी रुंद असेल तर प्रत्येक बाजूला 30 मिमी जागा राहायला हवी. डावीकडे 33 आणि उजवीकडे 27 आले, तर पुढचे चाक मागच्याच्या मध्यरेषेपासून 3 मिमी उजवीकडे आहे. मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे, कारण काही गाड्यांत दोन्ही चाकांची मध्यरेषा मुळातच काही मिलिमीटरने वेगळी ठेवलेली असते.

या मोजमापाचा खरा उपयोग पुढे आहे. दोरीचे अंतर सारखे करण्यासाठी ॲडजस्टर हलवला आणि त्यामुळे स्विंगआर्मच्या बोल्टपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना विषम झाले किंवा चेन तिरपी झाली, तर दोन मोजमापे एकमेकांशी भांडत आहेत असा त्याचा अर्थ होतो. सरळ सांगाड्याच्या गाडीत चाकांची रेषा, चेनची रेषा आणि बोल्टपासूनचे अंतर ही तिन्ही एकाच वेळी जुळतात. ती एकत्र जुळत नसतील तर स्विंगआर्म, चेसिस किंवा फोर्क यांपैकी काहीतरी वाकलेले किंवा फिरलेले आहे, आणि ॲडजस्टर फिरवून हा दोष कधीही जाणार नाही. पुष्कळ गाड्यांचा दोष नेमका याच ठिकाणी लपवला गेलेला असतो: चेन थोडी तिरपी ठेवून गाडी सरळ चालवली जाते, पुढे कोणी चेन ताणताना ॲडजस्टर खुणेवर आणतो आणि ओढ पुन्हा सुरू होते.

दोरी आडवा फरक दाखवते, उभा दाखवत नाही. मागचे चाक वरून एका बाजूला कललेले असेल, म्हणजे स्विंगआर्म किंवा चेसिस पिळली गेली असेल, तर दोरी बरोबर येऊनही गाडी ओढत राहते. यासाठी सपाट जमिनीवर मागची रिम किंवा मागची डिस्क अचूक उभी येईल अशी गाडी धरावी, हँडल सरळ ठेवावे आणि पुढच्या रिमवर डिजिटल कोनमापक लावावा. प्रत्येक ठिकाणी कोनमापक उलटा फिरवून दुसऱ्यांदा मोजावे आणि सरासरी घ्यावी, म्हणजे उपकरणाची चूक वजा होते. त्याआधी चाके फिरवून रिम आउट आहे का, म्हणजे फिरताना डुलते का, ते पाहिलेले असावे. अनेक मॅन्युअलमध्ये रिमच्या आडव्या आणि उभ्या आउटसाठी 2 मिमी ही कमाल मर्यादा दिलेली असते. रिम सरळ असूनही पुढच्या आणि मागच्या चाकाच्या कलात स्पष्ट आणि प्रत्येक वेळी तितकाच फरक येत असेल, तर गॅरेजमधल्या साध्या साधनांनी सुटणारा हा प्रश्न नाही.

फोर्क: वाकलेला की नुसता फिरलेला

समोरच्या भागात सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत स्वस्तात सुटणारा दोष म्हणजे दोन्ही फोर्क टीमध्ये (त्यांना वर आणि खाली जोडून धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये) फिरलेले असणे. गाडी आडवी पडली की चाक एका दिशेला आणि हँडल दुसऱ्या दिशेला ढकलले जाते, वरची आणि खालची टी एकमेकींच्या तुलनेत थोडीशी फिरते आणि काहीही न वाकता फोर्कचे दोन्ही पाइप समांतर राहत नाहीत. पुढचे चाक सरळ असताना हँडल वाकडे दिसणे हे याचे ठळक लक्षण. यावर हँडल वाकवून किंवा बदलून उपाय करणारे कारागीर आहेत. तो उपाय नव्हे.

तपासण्यासाठी दोन्ही टींच्या मधल्या उघड्या भागात, दोन्ही पाइपांवर टेकेल असा जाड काचेचा सपाट तुकडा धरावा. काच चारही ठिकाणी टेकली तर पाइप एकाच प्रतलात आहेत. ती कोपऱ्यांवर डुगडुगली तर नाहीत. दुरुस्तीसाठी पुढचे चाक उचलून ॲक्सलचे पिंच बोल्ट (आवळून पकडणारे बोल्ट), मडगार्डचे बोल्ट आणि वरच्या-खालच्या टीचे पिंच बोल्ट सैल करावेत, पाइप काचेवर जुळवावेत, खालची टी आधी आणि वरची नंतर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) घट्ट करावी, मग ॲक्सल घट्ट करून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढचा ब्रेक धरून फोर्क काही वेळा खाली-वर दाबावा, आणि शेवटी ॲक्सलचे पिंच बोल्ट व मडगार्ड घट्ट करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पिंच बोल्ट आधीच आवळले तर फोर्कचे खालचे भाग ॲक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेऊ शकत नाहीत आणि फोर्क अडकत चालतो.

एवढे करूनही काच डुगडुगत असेल तर पाइप किंवा टी वाकलेली आहे. पाइप बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या आधारावर) ठेवून डायल गेजखाली (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाखाली) फिरवावा. अनेक मॅन्युअल 0.2 मिमीच्या आसपासची मर्यादा देतात. गेज दाखवते त्या एकूण फरकाच्या निम्मा प्रत्यक्ष बाक असतो, आणि आपल्या मॅन्युअलमधील आकडा यांपैकी कशाचा आहे हे वाचून घ्यावे. व्ही-ब्लॉक नसेल तर पाइप टीमध्ये सैल ठेवून जागच्या जागी फिरवावा. वाकलेल्या पाइपाचे खालचे टोक फिरताना वर्तुळ काढते. वाकलेले पाइप दाबयंत्रावर सरळ करून देण्याची सेवा सर्वत्र मिळते. किरकोळ बाक असलेल्या पाइपापुरती ती चालवून घेतली जाते, पण ज्या पाइपावर सुरकुती, चपटेपणा किंवा निघालेला क्रोम दिसतो तो बदलणेच योग्य. टी वाकलेली असेल तर ती सरळ करण्याचा विचारही करू नये. ओतीव ॲल्युमिनियम वाकून परत सरळ होताना त्यात तडा राहण्याची शक्यता असते आणि संपूर्ण पुढचा भाग त्या टीवर तोललेला असतो.

कोनसेटची तपासणी चाक उचलूनच करावी. हँडल मधोमध ठेवून हलकेच ढकलल्यावर ते दोन्ही बाजूंना आपोआप, न अडखळता टोकापर्यंत पडले पाहिजे. मधोमध खट्ट असा अडसर जाणवला तर रिंगवर खाच पडली आहे, आणि अशी गाडी सरळ जाताना सतत बारीक दुरुस्त्या मागते. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवल्यावर खटका जाणवला तर कोनसेट सैल आहे. मात्र फोर्कचे बुश झिजले असले तरी तसाच खटका येतो, म्हणून दुसऱ्याने वरच्या टी आणि हेडस्टॉकच्या सांध्यावर बोट ठेवून खटका तिथेच येतो का ते पाहावे. आवश्यकतेपेक्षा जास्त आवळलेला कोनसेटही गाडीला कमी वेगात डुलवतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. नव्या कोनसेटवरही अल्पावधीत खाच पडत असेल तर तिसरा कोनसेट घेऊ नये. बेअरिंगची बैठक मोजून घ्यावी.

चेसिस वाकल्याच्या खुणा

समोरून आदळलेल्या गाडीत हेडस्टॉक मागे ढकलला जातो. रस्त्यावरच्या सामान्य गाड्यांचा हेडस्टॉक उभ्या रेषेपासून साधारण 24 ते 27 अंश कललेला असतो आणि ट्रेल (हेडस्टॉकची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंतचे अंतर) बहुधा 90 ते 110 मिमीच्या दरम्यान ठेवलेला असतो. 17 इंची चाकाच्या गाडीत हा कोन केवळ एका अंशाने कमी झाला तरी ट्रेल सुमारे 6 मिमीने घटतो. अशी गाडी वळायला चपळ वाटते आणि नव्या मालकाला सुरुवातीला ते आवडतेही, पण वेग वाढल्यावर किंवा खड्ड्यावरून गेल्यावर हँडल अस्थिर होते. हेडस्टॉक आडव्या दिशेने फिरला असेल तर गाडी ओढते.

डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा मोजक्या पण बोलक्या आहेत. हँडल टोकापर्यंत वळवल्यावर ते अडवणारी जी गाठ हेडस्टॉकवर असते ती चेपलेली, तुटलेली, घासून नीट केलेली किंवा पुन्हा वेल्ड केलेली असेल, तर पुढच्या चाकाला मोठा फटका बसला होता याबद्दल शंका घेऊ नये. हेडस्टॉकच्या वेल्डजवळचा रंग केसाएवढ्या रेषांनी तडकलेला असणे, खालच्या नळीवर बारीक सुरकुती असणे, इंजिनपुढच्या सायलेन्सरच्या नळ्यांवर किंवा रेडिएटरवर पुढच्या टायरचा डाग असणे आणि इंजिनचे माउंटिंग बोल्ट हाताने आत न जाणे, या सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. चेसिसचा हेडस्टॉकभोवतीचा भागच तेवढा नव्याने रंगवलेला असेल तर तो रंग कशावर चढवला आहे, हे विचारलेच पाहिजे. गाडीचा 17 अंकाक्षरी क्रमांकही बहुधा याच परिसरात कोरलेला असतो. तो कागदपत्रांशी जुळतो का आणि त्याच्याभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नाहीत ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. क्रमांकात खोट असेल तर गाडी सरळ चालते की नाही हा प्रश्न दुय्यम होतो.

या टप्प्यावर गाडी चेसिस जिगवर (सांगाडा बांधून मोजण्याच्या चौकटीवर) नेऊन मोजून घ्यावी आणि लेखी अहवाल मागावा. पोलादी नळ्यांची चेसिस अनुभवी कारागीर जिगवर बांधून मर्यादित प्रमाणात सरळ करू शकतो. ॲल्युमिनियमच्या जाड बाजूपट्ट्यांच्या चेसिसचे तसे नाही. ते मिश्रधातू उष्णता-प्रक्रियेने कठीण केलेले असतात. तापवले तर ती कठीणता जाते, थंड स्थितीत ओढले तर तडा जाण्याची शक्यता राहते, आणि बाहेरून सरळ दिसणाऱ्या पट्टीच्या आतील बाजूला काय झाले ते कळत नाही. म्हणूनच उत्पादक सहसा वाकलेली चेसिस बदलण्यासच सांगतात. माझे मत असे की हेडस्टॉक सरकलेली ॲल्युमिनियम चेसिसची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, आणि आधीच घेतली असेल तर चेसिस बदलण्याचा खर्च व त्यासोबत येणारी नोंदणीची कागदपत्रे यांचा हिशेब करून, तो बसत नसल्यास गाडी सुट्या भागांसाठी मोडीत काढावी. न सांगता पुढच्याला विकणे हा पर्याय मी धरत नाही.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

जे अजून खरेदीच्या विचारात आहेत त्यांनी दोरी, मोजपट्टी आणि काचेचा तुकडा सोबत न्यावा. तासाभरात वरची बहुतेक मोजमापे होतात. विक्रेता त्याला नकार देत असेल तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार तिथेच थांबवावा. गाडी थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चालवून पाहावी. एबीएसचा दिवा स्टार्ट करताना लागून गाडी पुढे गेल्यावर विझतो का आणि नंतर पुन्हा लागतो का, याकडे लक्ष द्यावे, कारण वाकलेली सेन्सर रिंग अनेकदा गाडी धावू लागल्यावरच दोष दाखवते. पडल्यावर इंजिन बंद करणारा कल-सेन्सर सैल बसवलेला असेल तर वळणावर इंजिन मधूनच बंद पडते, आणि त्याचा दोष भलत्याच भागांवर लावला जातो. विमा उतरवताना गाडीचा पूर्वेतिहास विचारला असेल तर तो लपवू नये. लपवलेली गोष्ट भरपाईच्या वेळी उघड होते आणि दावा नाकारण्यास कारण मिळते. पूर्वी टोटल लॉस झालेल्या गाडीची भरपाई बाजारातील तशाच, पण अपघात न झालेल्या गाडीपेक्षा कमी ठरवली जाऊ शकते, हेही खरेदीच्या किमतीत धरावे.

दोष सापडून दुरुस्ती झाली असेल तर सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि तारीख व किलोमीटर यांसह लिहून ठेवावीत. याच वेळी पुढचा टायर एका अंगाने झिजलेला असल्यास बदलावा, आधी नव्हे. सरळ केलेल्या गाडीवर तिरपा झिजलेला टायर ठेवला तर दुरुस्ती फसली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नवा कोनसेट बसवला असेल तर काहीशे किलोमीटरनंतर तो बसतो आणि किंचित सैल होतो, तेव्हा त्याचा ताण पुन्हा तपासावा. त्यानंतर पुढच्या टायरच्या दोन्ही खांद्यांवरील खाचांची खोली दर हजारएक किलोमीटरने मोजून त्याच वहीत नोंदवावी. दोन्ही बाजूंचे आकडे बरोबरीने कमी होत असतील तर गाडी सरळ धावत आहे. एका बाजूचा आकडा पुढे पळू लागला तर ओढ हाताला जाणवण्याआधीच दोरी पुन्हा लावावी.